चार राऊंड मारले की नोकरी

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या तेव्हा रोह्याजवळच्या आमच्या वरस्यात कुणी पेढे वाटले नाहीत. नाक्यावर विषय निघाला खरा, पण चहा येईपर्यंत तो 'आता तिकडे जागेचे भाव कुठे जातील' इथवर पोचलाही होता. आमच्या लोकांना स्टेडियम म्हटलं की आधी गुंठा आठवतो. त्यात आमचं काही चुकत नाही. घाटावर पुण्याच्या वेशीबाहेर एका गावाच्या शिवारात स्टेडियम झालं आणि पुढे तिथल्या गुंठ्याचं काय झालं, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. खेळाचं काय झालं, हे बघायला मात्र फारसं कुणी गेलं नाही. आम्ही गेलो.

आमच्या मंडळाची सहल एरवी देवाला जाते. पाली शेजारीच, महडही आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे अष्टविनायकांतले दोन आम्हाला दारात मिळालेले. उरलेल्या सहांसाठी गाडी करावी लागते. यंदा कबड्डीच्या पोरांनी अट घातली, पुण्याच्या बाजूला जाणार असाल तर बालेवाडी दाखवा. मंडळाचे अध्यक्ष विचारात पडले.

"तिथे मॅच आहे का?"

"नाही."

"मग बघायचं काय?"

स्टेडियमविषयी इतका मुद्द्याचा प्रश्न मी आजवर कुठल्या क्रीडामंत्र्याच्या तोंडून ऐकलेला नाही.

माहितगार म्हणून शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे सर बरोबर घेतले. सरांनी उभी नोकरी शाळेच्या मैदानावर फक्की मारून दोनशे मीटरचा ट्रॅक आखण्यात घालवली. पावसाळ्यात ट्रॅक वाहून जायचा, दिवाळीनंतर सर तो पुन्हा आखायचे. त्यांच्या ट्रॅकला वळणं तीनच होती, कारण चौथ्या वळणावर शाळेची विहीर होती. त्या ट्रॅकवर धावलेली मुलं आज धाटावच्या कारखान्यांत पाळ्या करतात आणि सर दिसले की अजून सावधान उभी राहतात.

रोहा, कोलाड, सुतारवाडी, विळे, ताम्हिणी. सुतारवाडीला गाडीत राजकारण सुरू झालं आणि ताम्हिणीला ते आपोआप थांबलं, कारण घाट लागताच निम्मे कार्यकर्ते खिडकीला लागले. चढाईत हुकमी असलेला आमचा एक गडी तिसऱ्या वळणालाच बाद झाला. पुढे मुळशीचं पाणी, पौड, पिरंगुट, मग चांदणी चौक. तिथून पुढे टॉवर सुरू होतात. स्टेडियम कुठे आहे ते विचारावं लागतं, फ्लॅट कुठे आहेत ते विचारावं लागत नाही.

आता थोडा इतिहास. सरांनी तो गाडीतच सांगितला आणि पोरांनी तो कानात वायर घालून ऐकला.

श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी. पसारा दीडशे एकरांच्या घरात. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलं. आराखडा शशी प्रभूंचा, म्हणजे ज्यांनी वानखेडे उभं केलं त्यांचा. वजन सुरेश कलमाडींचं. पुढे 2008 मध्ये, 12 ते 18 ऑक्टोबर, इथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि संकुल 'आंतरराष्ट्रीय' झालं. 71 देश, बाराशेवर खेळाडू, नऊ खेळ. शुभंकर होता 'जिगर' नावाचा वाघ, म्हणजे दोन वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत आलेल्या 'शेरा'चा धाकटा भाऊ. भारताने 33 सुवर्णांसह 76 पदकं मिळवून पहिला नंबर काढला.

थोरल्या भावाच्या वाट्याला दिल्लीत पदकं आली आणि त्यांच्यामागून हिशेब तपासणारेही आले. 2011 च्या एप्रिलमध्ये त्याच प्रकरणात कलमाडींना अटक झाली. 2025 च्या एप्रिलमध्ये ईडीने आपला तपास बंद करत असल्याचा अहवाल दिला आणि न्यायालयाने तो स्वीकारला. चौदा वर्षं लागली. पुण्यात मॅरेथॉन सुरू करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अगदीच अंगावर येण्यासारखं अंतर म्हणता यायचं नाही, पण आम्हा रोहेकरांना जरा जड जातं. आमच्या रोह्यात लहानाचे मोठे झालेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. हिशेबाचं म्हटलं की आमची मान आपसूक ताठ होते. मंडळाच्या सहलीचा हिशेब दोन वर्षांचा थकलाय, हा भाग वेगळा.

तर 2008. त्या आठवड्यात बालेवाडीत ग्रेनाडा नावाच्या देशाचा एक सोळा वर्षांचा पोरगा 400 मीटर धावला आणि सोनं घेऊन गेला. नाव किरानी जेम्स. चार वर्षांनी लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याच शर्यतीत त्याने पुन्हा सोनं घेतलं. ग्रेनाडाचं ते ऑलिम्पिकमधलं पहिलंच पदक.

सरांनी हे सांगितल्यावर मागच्या सीटवरून प्रश्न आला, "सर, ग्रेनाडा केवढा?"

केवढा ते ऐका. सगळ्या देशाची मिळून लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. आमच्या एकट्या रोहा तालुक्याची 2011 च्या जनगणनेत दीड लाखाच्या वर होती. म्हणजे रोहा तालुका स्वतंत्र देश असता तर ग्रेनाडाहून मोठा भरला असता. राजधानी रोहा, बंदर रेवदंड्याकडून उसनं, आणि रेल्वेचं म्हणाल तर कोकण रेल्वे आमच्या दारातूनच पुढे निघते. ऑलिम्पिक पदकं मात्र शून्य. यावर गाडीत थोडा वेळ शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, "त्यांच्याकडे शिमगा नसेल." आणि विषय मिटला.

संकुलात शिरल्यावर पोरांनी पहिली मागणी केली ती बॅडमिंटन हॉल बघण्याची. कबड्डीच्या पोरांना बॅडमिंटन हॉलशी काय करायचंय, असं तुम्हाला वाटेल. अहो, महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली कबड्डी बॅडमिंटन हॉलमध्येच चालते. पुणेरी पलटणचं प्रो कबड्डीतलं घरचं मैदान हेच. 29 डिसेंबर 2024 ला प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची अंतिम लढत इथेच झाली आणि हरयाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला हरवलं. याच संकुलात 2008 मध्ये सायना नेहवालने एकेरीचं सुवर्ण घेतलं होतं. ज्या छपराखाली शटल वाऱ्याने हलू नये म्हणून खिडक्यांचा विचार करायचा, त्याच छपराखाली आता सात-सात गडी एकमेकांना आडवे करतात. चांगलंच आहे. छप्पर वापरात राहिलं पाहिजे.

आता खरी गंमत सांगतो. बालेवाडीच्या या संकुलात आणखी एक खेळ होतो. त्यात खेळाडू ठरलेले असतात, पंच दिल्लीहून नेमलेले असतात, फेऱ्या असतात, प्रत्येक फेरीनंतर आघाडी जाहीर होते आणि बाहेर गुलाल तयार असतो. लोकसभेची मतमोजणी! मावळ मतदारसंघाची मतं 2019 ला इथे मोजली, 2024 लाही इथेच मोजली. आणि मावळ म्हणजे काय? सहा विधानसभांपैकी तीन आमच्या रायगडच्या. पनवेल, कर्जत, उरण. अर्धी चढाई आमच्या जिल्ह्याची. म्हणजे रायगडचा खेळाडू बालेवाडीला पोचो न पोचो, रायगडची पेटी दर निवडणुकीला घाट चढून बरोबर पोचते.

वरस्याची पेटी तेवढी पोचत नाही, कारण आम्ही रायगड लोकसभेत. आमची मतं अलिबागला मोजतात. कुठे? नेहुलीच्या जिल्हा क्रीडा संकुलात. म्हणजे घाटावर असो की घाटाखाली, क्रीडा संकुलाला लोकशाहीवाचून सुटका नाही. कारणं साधी आहेत. मोठं छप्पर लागतं, भक्कम कुंपण लागतं, गाड्या लावायला जागा लागते आणि मध्ये कुणी खेळत असलं तर त्याला आठवडाभर घरी बसवता यावं लागतं. या चारही गोष्टी महाराष्ट्रात फक्त क्रीडा संकुलात एकत्र मिळतात. नाट्यगृहात का नाही मोजत मतं? तिथे प्रयोग लागलेला असतो आणि प्रेक्षक भांडायला येतात. खेळाडू भांडत नाही. त्याला खिलाडूवृत्ती शिकवलेली असते.

हॉलमधून बाहेर पडून आम्ही मुख्य स्टेडियमकडे गेलो. गॅलरीत बसलो. समोर तो प्रसिद्ध सिंथेटिक ट्रॅक. विटकरी, गुळगुळीत, पांढऱ्या रेषा अशा की सरांचे डोळे भरून आले. फक्कीची रेष एका सरीत पुसून जाते हो. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विहीर नाही ना मध्ये, म्हणून सरळ आलीय."

ट्रॅकचा विषय आलाच आहे तर जून 2021 ची गोष्ट सांगून टाकतो. याच संकुलात क्रीडा खात्याची बैठक होती. शरद पवार आले होते, तेव्हाचे क्रीडामंत्री सुनील केदार होते. बैठक झाली आणि धावपट्टीवर गाड्या उभ्या असल्याचा फोटो फिरला. केंद्राचे तेव्हाचे क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी दुःख व्यक्त केलं. राज्याच्या क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. खुलासाही आला, की पवारांच्या पायाला त्रास होता म्हणून एकाच गाडीला परवानगी होती, तीही बाजूच्या सिमेंटच्या पट्टीपुरती. मागच्या गाड्या आपणहून आत आल्या. हे मला पटतं. आपल्याकडे पहिली गाडी परवानगीने जाते, मागच्यांना फक्त पहिली गाडी दिसते. क्रीडा राज्यमंत्रिपद तेव्हा आमच्याकडच्या आदिती तटकरे यांच्याकडे होतं, त्यामुळे रोह्यात तो फोटो आम्ही फार मोठा करून बघितला नाही.

पण माझी तक्रार निराळीच आहे. त्या ट्रॅकवर गाडी गेली म्हणून सगळ्या महाराष्ट्राला वाईट वाटलं. आमच्या पोरांचा ट्रॅक म्हणजे हमरस्ता. तिथे गाड्याच जातात, पोरं मध्ये येतात. त्याबद्दल कुणी दुःख व्यक्त केलेलं अजून वाचनात नाही.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहाटे पाचला रोहा-कोलाड रस्ता माहीत असण्याचं कारण नाही. पहाटे पाचला त्या रस्त्याच्या कडेने पोरं धावत असतात. पोरीही. अंगात कुठल्यातरी स्पर्धेत मिळालेले टी-शर्ट, पाठीवर अमुक चषक आणि तमुक वाढदिवस. ही आमची अॅथलेटिक्स. प्रकार एकच, 1600 मीटर. ऑलिम्पिकमध्ये 1500 असते, ती वेगळी. 1600 ही पोलीस भरतीची. मुलांना 1600, मुलींना 800, शिवाय दोघांना 100 मीटर आणि गोळाफेक. एकूण 50 गुण, त्यांतले 20 या एका धावण्याला. पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवली तर वीसपैकी वीस. किरानी जेम्सची वेळ आमच्यातल्या कुणाला पाठ नव्हती, पाच-दहा मात्र बालवाडीतल्या भावंडालाही पाठ.

त्यामुळे गॅलरीत बसून तो चारशे मीटरचा देखणा ट्रॅक बघताना आमच्यातल्या एकाने जो हिशेब केला तो मला मुळीच अनपेक्षित वाटला नाही.

"काका, चार राऊंड."

"काय चार राऊंड?"

"चार राऊंड मारले की नोकरी."

आशियाई विजेतेपदं, जागतिक दर्जा, क्रीडा संस्कृती, हे सगळे शब्द संकुलाच्या कमानीवर कुठे ना कुठे लिहिलेले असतील. पोराने मैदानाचं भाषांतर न करता थेट पगारात रूपांतर केलं. आणि का करू नये? आमच्या रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस देवाला सशस्त्र सलामी देतात. इंग्रजांच्या काळापासूनचा रिवाज आहे. ज्या गावात देवसुद्धा पोलिसांची सलामी घेतल्याखेरीज नगरप्रदक्षिणेला निघत नाही, तिथल्या पोराने त्या रांगेत बंदूक घेऊन उभं राहण्याचं स्वप्न पाहिलं तर त्याला खिलाडूवृत्तीचं व्याख्यान देणारे आपण कोण? खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहेच, पण तिथेही काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलीनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं निघाली. ट्रॅम्पोलीन! आमच्या पोरांना वाटलं, हे बालेवाडीच्या पुढचं गाव असेल.

दुपारी संकुलाबाहेर मिसळ खाताना सरांनी पुढचा पाठ घेतला. या स्टेडियमचं नशीब मोठं विचित्र. 2013 ची आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा खरी चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंवरून तामिळनाडू सरकारने नकार दिला आणि स्पर्धा जुलैमध्ये, भर पावसात, बालेवाडीला आली. विकास गौडाने थाळीफेकीत सोनं घेतलं, मुलींनी 4 गुणिले 400 रिलेत घेतलं. पुढे चेन्नईची एटीपी टेनिस स्पर्धा सुटली, तीही 2018 पासून बालेवाडीलाच. 2023 पर्यंत राहिली आणि निघून गेली. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला, हृतिक रोशन मालकांपैकी एक. 2019 मध्ये क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. 2019 च्या जानेवारीत 'खेलो इंडिया' येऊन गेलं. येतात, राहतात, भाडं चुकतं करतात, जातात. पुणं हे पेइंग गेस्टचं शहर, स्टेडियम तरी त्याला अपवाद का असावं?

कुणी म्हणेल, एवढं मोठं काम चालवायचं तर भाडेकरू ठेवावेच लागतात. बरोबर आहे. स्टेडियमचा खर्च कुठवर जातो ते कॅनडात बघा. मॉन्ट्रियल शहराने 1976 च्या ऑलिम्पिकसाठी स्टेडियम बांधलं आणि त्याचं कर्ज फिटलं 2006 मध्ये. तीस वर्षं. ज्या माणसाने उद्घाटनाला तिकीट काढलं त्याच्या नातवाने शेवटचा हप्ता भरला. त्या मानाने आपण व्यवहारी. आपण हॉल देतो.

आणि तरीही बालेवाडीत खेळ होत नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. होतो, आणि उत्तम होतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने इथल्या नेमबाजी रेंजवर सराव केला आणि 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स रायफलमध्ये कांस्य आणलं. 1952 च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी आणलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मध्ये 72 वर्षं गेली. राज्याने दोन कोटी दिले. स्वप्नीलच्या वडिलांनी बोलून दाखवलं, की हरयाणा जास्त देतं, आपल्याकडे पाच कोटी आणि बालेवाडीच्या संकुलाजवळ एक फ्लॅट द्यावा. लोक हसले. फ्लॅट मागतात म्हणून समाजमाध्यमांवर विनोद झाले.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. उलट महाराष्ट्राच्या क्रीडाधोरणावर एवढं अचूक भाष्य मी वाचलेलं नाही. ऑलिम्पिक पदक मिळवलेल्या माणसाच्या बापाला कळलं होतं की रेंज सरकारची असली तरी तिच्याजवळ राहायचं असेल तर बिल्डरकडे जावं लागतं. स्टेडियममुळे जागेचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की ज्याच्यासाठी स्टेडियम बांधलं त्याला जवळ राहता येत नाही. कांस्यपदक विजेत्याची ही कथा, तर आमच्या मातीतल्या कबड्डीवाल्याने रोज सरावाला कुठून यायचं? ताम्हिणी चढून? निम्मे तर पहिल्या वळणात बाद.

परतीच्या वाटेवर पोरं गप्प होती. दमली होती म्हणा किंवा मोबाइलची बॅटरी संपली होती म्हणा. अध्यक्षांनी मात्र सहलीचं सार्थक व्हावं म्हणून घोषणा केली, "आपल्याकडेही असं एक संकुल झालं पाहिजे." टाळ्या पडल्या. सर एकटेच खिडकीबाहेर बघत बसले. सरांना संकुल या प्रकरणाचा अनुभव आहे. ते म्हणतात, संकुल होतं तेव्हा आधी कोनशिला येते, मग कुंपण येतं, मग कमान येते, मग कुलूप येतं. पोरं त्याच्या आधीपासून तिथे खेळत असतात, ती कुलूप आल्यावर कुंपणावरून उडी मारून येतात. उंच उडीचा सराव तेवढा होतो.

पैसा नाही असं नाही. 2022 मध्ये राज्य सरकारने संकुलांच्या अनुदानाची मर्यादा वाढवली. तालुक्याला एक कोटीचे पाच कोटी झाले, जिल्ह्याला आठाचे पंचवीस, विभागाला चोविसाचे पन्नास. उत्तम झालं, यात टिंगल नाही. पण पाच कोटींत इमारत होते. पोरांना इमारत नकोय. मातीत खेळणाऱ्या संघाला जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी महिनाभर मॅट मिळाली तरी पुरे, कारण मातीत भल्याभल्यांची पकड करणारा गडी मॅटवर पहिल्यांदा उतरला की त्याचे पाय त्याचे राहत नाहीत. पळायला सपाट पट्टा हवा, ज्यावरून टँकर जात नाही. हे पाच कोटींचं काम नाही. पण त्याला कोनशिला बसवता येत नाही, ही त्याची अडचण.

आणि जागा? एके काळी जागेचा प्रश्नच नव्हता. भात कापलं की खाचरं मोकळी. पौष-माघात बांध थोडे खाली घेतले की क्रिकेट, संध्याकाळी हॅलोजन लावले की कबड्डी, जूनपर्यंत सगळा शिवार क्रीडा संकुल. आता शिवाराचे प्लॉट पडतात. रोह्याच्या भोवतालच्या गावांना हे सांगायला नको. ज्या खाचरात काल पीच होतं तिथे आज दगड रोवलेत आणि दगडांवर नंबर. खेळाडूंच्या पाठीवर असतात तसेच.

म्हणून अध्यक्षांना आणि तुम्हालाही सांगतो, बालेवाडी मागू नका. ती मिळालीच तर तिच्याबरोबर टॉवर येतील, मतपेट्या येतील आणि तुमचं पोरगं गॅलरीत बसून चार राऊंड मोजत राहील. त्याऐवजी जे कायद्याने आधीच तुमचं आहे ते मागा. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट पाडला की दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, हा राज्याच्या विकास नियमावलीतला नियम आहे. चार हजारांचे दहा टक्के म्हणजे चारशे चौरस मीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे 130. एका छोट्या लेआउटमध्ये एक मैदान, बाजूला लोकांना उभं राहायला जागा, आणि वर अध्यक्षांच्या खुर्चीची सोय. सध्या त्या दहा टक्क्यांत दोन सिमेंटची बाकं, एक सुकलेलं कारंजं आणि 'येथे खेळू नये' अशी पाटी असते.

तेव्हा उद्या प्लॉट बघायला गेलात की देवघर कुठल्या दिशेला येईल ते विचारण्याआधी दहा टक्के कुठे सोडलेत ते विचारा आणि नकाशावर बोट ठेवून बघा. आणि येत्या ग्रामसभेला, चहा-बिस्किटांपुरतं का होईना, या. विषयपत्रिकेत एक ओळ घालून घ्या: गावच्या हद्दीतल्या सर्व लेआउटमधील मोकळ्या जागांची यादी वाचून दाखवणे. यादी वाचून होईपर्यंत उठू नका. पी.टी.चे सर फक्की घेऊन तयार आहेत.